शरदातली ओल: कोकणात घरच्या शेतीवर नव्याने राहायला आलेल्यांसाठी

शहरातलं घर आवरून सिंधुदुर्गातल्या वडिलोपार्जित घरी आम्ही राहायला आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दरवर्षी दोन-तीन कुटुंबं विचारतात, ‘आम्हालाही गावी यायचंय, सुरुवात कधी करू?’ बहुतेकांच्या मनात जून असतो. पाऊस, लावणी, हिरवं सगळं. मी त्यांना दसऱ्याला यायला सांगते. घर वर्षभर स्वतःच्या धान्यावर चालणार की दुकानाच्या, हे दसरा ते मार्गशीर्ष या अडीच महिन्यांत ठरतं.

या दिवसांत कामं शंभर असतात, पण ती सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतात, ती म्हणजे ओल. काही गोष्टींतली ओल पूर्ण घालवायची असते: भात, नाचणी, पेंढा, बियाणं. आणि जमिनीत, व्हाळात (ओढ्यात), विहिरीत उरलेली ओल उडून जाण्याआधी वापरायची किंवा अडवायची असते. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, असा गोंधळ उडाला की स्वतःला विचारा, ‘इथली ओल मला घालवायची आहे की राखायची आहे?’ क्रम आपोआप लागतो.

पहिल्यांदा हिशेब

विळा हातात घेण्याआधी वही घ्या. चार माणसांचं घर, माणशी रोज ३०० ग्रॅम तांदूळ धरला तर वर्षाला साधारण ४४० किलो लागतो. भात गिरणीतून काढल्यावर त्याच्या वजनाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास तांदूळ हाती येतो, म्हणजे ६७०-६८० किलो भात हवं. आमच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या छोट्या शेतांत, शेणखतावर आणि फार लाड न करता, गुंठ्याला ३० किलोच्या आसपास भात मिळतं. तेव्हा खाण्यापुरते २२-२३ गुंठे, आणि बियाणं, पाहुणे, कोंबड्या, वाईट वर्ष धरून २५.

पहिल्याच वर्षी २५ गुंठे करायला जाऊ नका. पाच करा. बाकीची जमीन शेजाऱ्याला अर्धलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, द्या आणि त्याच्याबरोबर प्रत्येक कामाला उभे राहा. ऐन कापणीत मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. गाव चालतं ते पैऱ्यावर, म्हणजे आज तुम्ही त्यांच्या कुणग्यात, परवा ते तुमच्या. विळा धड चालवता येत नसेल तरी भारे वाहता येतात, खळ्यावर चहा करता येतो. फेडायची पाळी आली की मात्र चुकवू नका. तिथे चुकलेलं घर गावाच्या लक्षात राहतं.

दुसरं: पाणी सोडणं आणि खळं करणं

भात तयार व्हायच्या आठ-दहा दिवस आधी मेर, म्हणजे बांध, फोडून कुणग्यातलं पाणी सोडून द्यायचं. दाणे एकसारखे पिकतात आणि कापताना पाय चिखलात रुतत नाहीत. हळवं भात, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांत येणारं, दसऱ्याच्या सुमारास कापायला येतं. निमगरवं त्याच्या मागून, गरवं दिवाळीच्या आसपास किंवा पुढे. नवीन माणसाने दोन प्रकार तरी लावावेत. सगळं एकदम पिकलं तर दोन माणसांच्या घराला ते आवरत नाही, आणि एका पावसात सगळं जातं.

पाणी सुटेपर्यंतच्या दिवसांत अंगणात खळं करा. चार महिन्यांचं गवत आणि शेवाळ खरवडून काढायचं, खड्डे लाल मातीने भरायचे, पाणी शिंपडून एक रात्र मुरू द्यायचं आणि सकाळी चोपण्याने चोपायचं. चोपताना आवाज बदलतो. आधी भद्द येतो, मग टणक. टणक आला की थांबा. त्यावर शेणाचं सारवण, एक हात सुकला की दुसरा. भेगा पडल्या तर तिसरा. चांगल्या खळ्यावर सांडलेला दाणा मातीत हरवत नाही.

ताडपत्रीने काम भागेल असं आम्हालाही वाटलं होतं. भागतं, पण ओलसर जमिनीवर थेट पसरलेल्या ताडपत्रीला खालून घाम येतो आणि वर वाळत घातलेलं भात खालच्या बाजूने दमट राहतं. पसरायचीच असेल तर खाली आधी पेंढ्याचा थर द्या.

तिसरं: कापणी, आणि आकाशाकडे लक्ष

लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे झाले आणि टोकाकडून देठाकडे येताना थोडेच हिरवट उरले की कापायला घ्या. सगळे पूर्ण पिकायची वाट पाहिली तर कापतानाच दाणे झडतात आणि गिरणीत कणी जास्त होते.

विळा घेताना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला ‘वैभव विळा’ मागा. दातेरी असतो, हलका असतो, आणि त्याने अगदी जमिनीलगत कापता येतं. जमिनीलगत कापण्याचे दोन फायदे. एक, पेंढा लांब मिळतो. दुसरा, बुडख्यात लपलेली खोडकिड्याची अळी धसात, म्हणजे जमिनीत उरलेल्या खुंटांत, कमी राहते, म्हणजे पुढच्या वर्षीचा उपद्रव आत्ताच कमी होतो. शिवाय नवशिक्याच्या हाताला साध्या विळ्यापेक्षा दातेरी विळा सोपा जातो, कारण हिसका द्यावा लागत नाही.

सकाळी दंव उडाल्यावरच कापा. कापलेलं भात धसांवर एक-दोन उन्हं पसरून ठेवतात आणि मग भारे बांधतात. इथेच सगळ्यात मोठा धोका असतो. परतीचा पाऊस दुपारपर्यंत कडक ऊन देतो आणि चारच्या सुमाराला गडगडाट घेऊन येतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अरबी समुद्रात क्यार वादळ आलं. ऐन दिवाळीत पाऊस लागला आणि कापून आडवं पडलेलं भात कुणग्यातच भिजलं. आमच्या निम्म्या भाताला चौथ्या दिवशी मोड आलेले मी हातात धरून पाहिले आहेत. त्या वर्षीपासून घरचा नियम झाला की संध्याकाळपर्यंत जेवढं मांगरात (शेतावरच्या खोपटात) किंवा पडवीत आणता येईल तेवढंच त्या दिवशी कापायचं. उभं भात एक-दोन सरी सोसतं, आडवं भात सोसत नाही. नुकसान झालंच तर भात हलवण्याआधी फोटो काढा आणि त्याच दिवशी तलाठ्याला आणि कृषी सहायकाला कळवा.

आता थोडं थांबून जिवाबद्दल. कापणीच्या दिवसांत उंदरांच्या मागावर साप येतात. आमच्या भागात फुरसं फार. वीतभर-हातभर असतं, मातीच्या रंगात मिसळून जातं, आणि भाऱ्याखाली किंवा दगडाच्या फटीत बसलेलं दिसत नाही. भारा उचलण्याआधी काठीने हलवा, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय अंगणातसुद्धा उतरू नका. चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, चावलेला हात-पाय लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवायचा, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात थेट पोचायचं. कुठल्या दवाखान्यात प्रतिविष असतं हे कापणीच्या आधी जाऊन विचारून ठेवा.

दुसरा धोका दिसत नाही. उंदरांच्या मुतामुळे कुणग्यातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला चीर किंवा जखम असेल तर चिखलात उतरूच नका. ताप आला आणि पोटऱ्या, कंबर ठणकायला लागली तर ‘कापणीचा थकवा’ म्हणून अंगावर काढू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ‘मी भातात काम करते’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. वेळेत गेलं तर हा आजार साध्या गोळ्यांनी आटोक्यात येतो.

चौथं: झोडणी, वाळवण, साठवण

थोडं भात असेल तर यंत्र शोधत बसू नका. खळ्यावर लाकडी बाक किंवा उताणी खाट ठेवा आणि त्यावर पेंढी झोडा. तीन-चार फटक्यांत दाणे सुटतात. उरलेले काठीने. मग वारा असेल त्या वेळी, आमच्याकडे बहुधा अकरानंतर, सुपाने उंचावरून सोडत वारवायचं. पळींज म्हणजे पोचट भात लांब पडतं, भरलेलं पायाशी. पळींज फेकू नका, कोंबड्या त्यातलंही वेचून खातात.

झोडणीआधी एक काम. बियाण्यासाठी कुणग्याच्या मधल्या भागातल्या, एकसारख्या उंचीच्या, भरगच्च लोंब्या वेगळ्या कापून घ्या. मेरेलगतच्या नकोत, तिथे शेजारच्या वाणाची भेसळ असते. ही पेंढी सगळ्यांच्या आधी, स्वच्छ खळ्यावर झोडायची.

वाळवणावर घाई केली तर सगळं वाया जातं. दोन बोटं जाडीचा थर, तासातासाने पायाने सऱ्या ओढत फिरवायचा, आणि ऊन उतरायच्या आत गोळा करून झाकायचं, नाहीतर दिवसभर घालवलेली ओल रात्री दंवातून परत येते. तीन-चार उन्हं लागतात. साठवणीला दाण्यात १२ ते १४ टक्क्यांहून जास्त ओलावा नको. घरात ओलावा मोजायचं यंत्र नसतं. शेजारच्या काकींनी पहिल्या वर्षी मला सांगितलं होतं, ‘गो, दाणो दाताखाली धरून बघ. कट् करून वाजाक व्हयो.’ मी वाजायच्या आधीच कणगीत भरलं. जानेवारीत झाकण काढलं तेव्हा बुरशीचा वास आला, मधलं भात गरम लागत होतं. दोन महिन्यांचं धान्य गुरांनासुद्धा घालता आलं नाही. आता दहा ठिकाणचे दहा दाणे चावून पाहते, आणि दहाही वाजले तरच भरते.

बांबूच्या तट्ट्याची कणगी असेल तर आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून आठवडाभर सुकू द्या. ती जमिनीवर ठेवायची नाही, दगडांवर फळ्या टाकून त्यावर, आणि भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे वाळवी आणि उंदीर दोन्ही दिसतात. पत्र्याची कोठी असेल तर उन्हातून आणलेलं भात तसंच गरम भरू नका. घरात पसरून गार होऊ द्या, नाहीतर आतल्या बाजूने पाणी धरतं. वरच्या थरात निरगुडीचा वाळलेला पाला टाका. कडधान्यांत राख किंवा तिरफळं.

उकडा तांदूळ: हे शिकाच

आमच्या भागात घराचा कणा म्हणजे उकड्या तांदळाची पेज. सकाळी पेज, त्यात मिठाचा खडा, बाजूला चटणी किंवा भाजलेला सुका बांगडा. दुपारपर्यंत भूक लागत नाही. दुकानात उकडा महाग मिळतो. घरी करायला फक्त वेळ आणि लाकडं लागतात.

भात रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी काढून मोठ्या हंड्यात भरा, तळाला वीतभर पाणी राहील एवढं ओता, वर गोणपाट झाका आणि चुलीवर ठेवा. नारळाची सोडणं (वरची सालं) आणि झावळ्यांचे दांडे यांवर आमचा हंडा होतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. वाफ वरपर्यंत आली आणि वरच्या भातालाही चीर पडलेली दिसली की उतरवा. चीर म्हणजे तूस फाटून आतला दाणा डोकावतो तेवढीच. पूर्ण फुलू दिलं तर गिरणीत पीठ होतं. उतरवून निथळा आणि खळ्यावर पसरा. पहिल्या दिवशी कडक उन्हात भराभर सुकवू नका, दुपारी ढीग करून थोडं सावलीत राहू द्या. दोन-तीन दिवसांत दाणा दाताखाली कडक लागला की गिरणीत न्या.

उकड्या तांदळात कणी कमी पडते, कीड उशिरा लागते आणि लाल वाण असेल तर त्याचा लालसर थर बराचसा टिकतो. गिरणवाल्याला आधीच सांगा, ‘पॉलिश नको.’ आणि कोंडा, कणी, तूस तिन्ही घरी आणा. कोंडा गुरांना, कणी कोंबड्यांना आणि घावनांना, तूस चुलीत. एका वेळी दोन मणांपेक्षा जास्त उकडू नका. महिन्या-दीड महिन्याला एकदा उकडलं की पुरतं.

दिवाळीआधी थोडं हळवं भात पोह्यांसाठी बाजूला ठेवा. आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे कारीट (छोटं कडू रानफळ) फोडून झालं की घरोघर नव्या भाताचे पोहे होतात, गुळाचे, दुधातले, ताकातले, रस घातलेले. ज्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या भाताचे पोहे ताटात आले त्या वर्षी माझ्या मुलाने शेजारच्या सात घरी वाटी नेऊन दिली. सांगितलं नव्हतं कोणी त्याला.

पाचवं: कापल्या पाठोपाठ कुळीथ

हे काम नवीन माणसाकडून हमखास सुटतं, कारण कापणीचा शीण असतो आणि दिवाळी तोंडावर असते. पण कापलेल्या कुणग्यातली ओल आठवडा-दहा दिवसांपलीकडे थांबत नाही. भात उचललं की लगेच नांगर किंवा पॉवर टिलर फिरवून कुळीथ टाका. गुंठ्याला ३०० ग्रॅम बी पुरे. पाणी द्यायचं नाही, खत द्यायचं नाही. फक्त दंवावर आणि त्या उरल्यासुरल्या ओलीवर तो तीन-साडेतीन महिन्यांत तयार होतो. भोळं पीक आहे, पण उशीर सहन करत नाही. माती हातात दाबल्यावर गोळा होत असेल तरच पेरा. भुगा होत असेल तर बी वाया जाईल.

पाच गुंठे कुळीथ म्हणजे घराची वर्षभराची पिठी. भात, कुळथाची पिठी आणि एखादा भाजलेला पापड, यावर आमच्याकडे महिन्यातल्या आठ-दहा रात्री निघतात, आणि तूरडाळीचा खर्च निम्मा होतो. कुळथाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र सोडून जातात, ते पुढच्या भाताला मिळतं.

थोडी जास्त ओल धरणाऱ्या कुणग्यात चवळी किंवा वाल घाला. नाचणी भरडावर, म्हणजे उंचावरच्या कोरड्या जमिनीवर, केली असेल तर कणसं खुडून वाळवा आणि चिंता सोडा. नीट वाळलेल्या नाचणीला कीड फारशी लागत नाही, ती दोन-तीन वर्षंसुद्धा राहते. म्हणून जुन्या घरांत नाचणी वाईट वर्षासाठी ठेवत.

सहावं: परसबाग

ऑक्टोबरच्या मध्यापासून एक गुंठा पुरे. लाल माठ आणि मुळा दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरा, म्हणजे एकदम सगळा येऊन वाया जात नाही. वांगी आणि मिरचीची रोपं याच दिवसांत लावा. वालाचा वेल मांडवावर चढवा. वाफे खोलगट ठेवा, उंच गादीवाफे पावसाळ्यासाठी. माठ आणि मुळा नीट उगवून आले की प्रत्येक वाफ्यावर पेंढा किंवा पालापाचोळा बोटभर अंथरा. निम्मं शिंपणं वाचतं. माझ्या मते परसबागेत खतापेक्षा या आच्छादनाला जास्त महत्त्व आहे.

न्हाणीचं पाणी केळी, अळू आणि माडाच्या आळ्यात सोडा. भाजीला नको, साबण असतो.

पावसाळी वेलांचं बी आत्ताच धरायचं असतं. दोडका, पडवळ, काकडी, भोपळा यांचं सगळ्यात चांगलं एक-एक फळ वेलावर पूर्ण सुकेपर्यंत किंवा पिवळंधमक होईपर्यंत सोडा. काकडीचा गर दोन दिवस भांड्यात आंबवा, मग बी धुऊन राखेत घोळवून सावलीत वाळवा. दुधीचं बी धरताना फळाचा तुकडा जिभेला लावून पाहा, कडू लागला तर थुंकून टाका आणि ते बी ठेवू नका. कडू दुधी विषारी असतो, भाजीतही घालायचा नाही.

सातवं: माळ्यावरचं भांडार

कोकणातली मोठी तवशी (काकड्या) आणि तांबडे भोपळे हे गरिबाचं शीतकपाट. देठासकट, ओरखडा न पडू देता काढायचे. तवशी पेंढ्याच्या किंवा झावळीच्या पात्याच्या दोरीने बांधून माळ्याच्या वाशाला टांगायची, एकाला दुसरं लागता कामा नये. अशी तवशी संक्रांतीपर्यंत आणि पुढेही टिकतात, आणि त्यांचं धोंडस (काकडीचा गोड पदार्थ) तेव्हाच खरं होतं. भोपळे पेंढ्यावर, देठ वर करून.

कंद अजून जमिनीतच राहू द्या. कणगर, करांदे, सुरण यांचे वेल आणि पाला पिवळा पडून वाळला की मगच खणायचे. घाईने काढलेले कंद पाणचट लागतात आणि टिकत नाहीत. मात्र रानडुक्कर तुमच्या आधी खणेल. त्यासाठी या दिवसांत रात्री मांगरात राखणीला जावं लागतं, आणि पहिल्या वर्षी शेजाऱ्यांबरोबरच जा, एकटं नाही. आवळे कार्तिकात तयार होतात. थोडे मिठाच्या पाण्यात, थोडे किसून वाळवून.

आठवं: व्हाळ अडवणं

दिवाळीनंतर व्हाळाचं पाणी नितळ आणि शांत झालं की बंधारा घालायची वेळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला घातलेला एका सरीत वाहून जातो, डिसेंबरच्या शेवटी घातलेल्याला अडवायला पाणीच नसतं. नोव्हेंबर योग्य.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दोन-तृतीयांश मातीने भरा, तोंड शिवा, आणि भिंतीच्या विटांसारख्या सांधेमोड करत रचा. पूर्ण भरलेली गोणी एकमेकीत बसत नाही, म्हणून जागा सोडायची. व्हाळ जिथे अरुंद आणि दोन्ही काठ कडक असतील तिथे. कमरेपेक्षा उंच नको. पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा लेप, आणि मध्यभागी थोडा सखल भाग, म्हणजे जादा पाणी तिथून ओसंडतं आणि काठ फोडत नाही. याला आपल्याकडे वनराई बंधारा म्हणतात. दहा माणसं असली तर एका दिवसात होतो. वरच्या-खालच्या दोन्ही घरांना आणि ग्रामपंचायतीला सांगूनच घाला. पाणी अडवण्यावरून भावकीत तंटे होतात ते न विचारल्यामुळे. मे महिन्यात गोण्या आठवणीने काढा, नाहीतर प्लॅस्टिकचे तुकडे खाडीपर्यंत जातात.

आमच्या विहिरीचं पाणी पूर्वी मार्चच्या शेवटी तळाला जायचं. बंधारा घालायला लागल्यापासून मे उजाडेपर्यंत दोर पुरतो. ज्यांच्या मळ्यात बंधाऱ्याचं पाणी चढतं ते वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भातसुद्धा करतात, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

गाय घ्यायची का?

पहिल्या वर्षी नाही. लोक रागावतात माझ्यावर या उत्तराने, पण आकडे पाहा. लहान चणीच्या गावठी गाईला नोव्हेंबर ते जून, आठ महिने, रोज पाच-सहा किलो सुका चारा लागतो. म्हणजे १३००-१४०० किलो. पाच गुंठ्यांतला पेंढा त्यात दीड महिनासुद्धा निघणार नाही. उरलेलं गवत डोंगरावरून कापून, वाळवून, डोक्यावर आणावं लागतं, तेही वणवे लागायच्या आत. ज्या वर्षी तुमची स्वतःची उडवी (पेंढ्याची गंजी) मे महिन्यातही शिल्लक राहील असा हिशेब जमेल, त्या वर्षी गाय आणा. तोवर पेंढा शेजाऱ्याला द्या आणि त्याच्याकडून शेणखत घ्या.

उडवी रचायला मात्र आत्ताच शिका. खाली दगड आणि फाट्या, मधे बांबू, पेंढ्यांची बुडखं बाहेर आणि शेंडे आत, वर निमुळती. घरापासून आणि चुलीच्या धुरांड्यापासून लांब. तिच्याभोवती आणि घराभोवती दहा हात रुंदीची पट्टी गवत कापून मोकळी ठेवा. डोंगराला आग लागली की हीच पट्टी घर वाचवते.

कोंबड्या पहिल्या वर्षीच चालतील. पाच गावठी तलंगा (तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा. पाऊस ओसरला की एखादी खुडूक बसते. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, २१ दिवसांनी पिल्लं. खुराड्याला रात्री कडी घाला, मुंगूस आणि रानमांजर रोज तपासून जातात.

काय विकत घ्यायचंच

स्वावलंबन म्हणजे दुकानाचा रस्ता बंद असं नाही. मीठ, चहा, गूळ, कांदे, लसूण, गहू हे आम्ही घेतोच. कांदा-लसूण इथल्या हवेत नीट येत नाही, आल्यास टिकत नाही. घाटावरून येणाऱ्या गाडीवरून उन्हाळ्यात एकदम घ्या. बांगडा या दिवसांत मुबलक आणि स्वस्त असतो, तेव्हा तेलाडाळीचे पैसे वाचवून तो खा. नारळ असतील तर घरचं खोबरेल काढा, पण शेंगदाण्याचं तेल विकत आणा. सगळंच घरचं व्हायला हवं असा हट्ट धरलेली दोन कुटुंबं तिसऱ्या वर्षी थकून परत गेलेली मी पाहिली आहेत.

वहीत रोज संध्याकाळी दोन रकाने लिहा, एकात दुकानातून आलेलं आणि दुसऱ्यात घरातून ताटात आलेलं. पहिल्या वर्षी दुसरा रकाना छोटा असेल. तो कुठे वाढवायचा हे वहीच सांगते. आम्हाला कुळीथ वाढवायचा हे असंच कळलं.

शेवटचं काम, मार्गशीर्षात

आंब्या-काजूवरची बांडगुळं मोहोर येण्याआधी फांदीच्या थोडं आतून कापून काढा. माडांना पाणी सुरू करा. कुळथात एकदा तण काढा.

आणि बियाण्याची ती वेगळी झोडलेली पेंढी आठवते ना? ते भात पुन्हा एक ऊन दाखवा, गार करा, आणि मडक्यात किंवा घट्ट विणलेल्या पिशवीत भरून माळ्यावर, चुलीचा धूर लागेल अशा जागी टांगा. लागणीला लागतं त्याच्या दुप्पट ठेवा, २५ गुंठ्यांना १८-२० किलो. जूनमध्ये ते तीन टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटरला ३०० ग्रॅम, टाकून तरंगणारं हलकं भात काढावं लागतं, त्यात बरंच जातं. पिशवीला चिठ्ठी बांधा. वाणाचं नाव, कुणग्याचं नाव, कापणीची तारीख. पेन्सिलीने लिहा, शाई धुरात आणि दमटपणात उडते.